जालन्यातला शनिवारचा वर्ग : ‘येशूच्या नावानं’ म्हणजे काय, हे सहा शनिवारांत शिकले त्याचा अनुभव

आधी कामाची माहिती देते. जुन्या जालन्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या लांबट खोलीत हा वर्ग भरतो. ६ शनिवार, दुपारी ४ ते ६. फी २०० रुपये, त्यात झेरॉक्सची पानं आणि चहा आला. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाहीत, आणि ते कुणाला कळूही देत नाहीत. वर्ग कोणत्या एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नाही. दारावर फलक नाही, पावतीपुस्तक नाही. सगळे त्याला ‘शनिवारचा वर्ग’ म्हणतात. शिकवणारे निवृत्त पाळक आहेत, पंचाहत्तरीच्या आसपासचे. आधी शाळेत शिक्षक होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना सरच म्हणतात.

विषय एकच. आपण प्रार्थना संपवताना म्हणतो, ‘हे सर्व प्रभू येशूच्या नावानं मागतो, आमेन.’ या वाक्याचा अर्थ काय?

एवढ्याशा वाक्यासाठी ६ आठवडे कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढले. संडे स्कूलमध्ये शिकले, पुढं तिथंच लेकरांना शिकवलंही. ३१ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली आणि किती रोग्यांच्या उशाशी हे वाक्य म्हटलं त्याची गणती नाही. तरी मी या वर्गाला गेले, त्याला कारण आहे.

माझ्या मालकांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शेवटच्या वर्षात नात्यातल्या एकानं आग्रह केला म्हणून आम्ही मराठवाड्यातल्याच एका शहरात मोठ्या मैदानावरच्या आरोग्यसभेला गेलो. व्यासपीठावरून सांगितलं गेलं, ‘येशूच्या नावात आज्ञा करा! तीनदा करा! जोरात करा!’ मी केली. मालकांच्या पोटावर हात ठेवून, मांडवातल्या हजारो माणसांबरोबर, घसा बसेपर्यंत केली. निघताना एका स्वयंसेवक बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘ताई, नाव घेताना मनात शंका नव्हती ना? शंका असली की नाव चालत नाही.’ चार महिन्यांनी मालक गेले. त्या बाईंचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला. पुढची दोन वर्षं दर रात्री प्रार्थनेच्या शेवटी ते वाक्य आलं की माझी जीभ अडायची. मी चुकीचं म्हटलं होतं का? माझ्यामुळं गेले का ते? नर्स म्हणून मला त्यांच्या क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचे) आकडे पाठ होते, आजार कुठवर आलाय हे कळत होतं. पण रात्रीच्या वेळी आकड्यांचा उपयोग होत नाही.

म्हणून गेले. आता वर्गाबद्दल.

पहिल्या शनिवारी आम्ही १७ जण होतो. सरांनी प्रत्येकाला एक पान दिलं. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातल्या १४, १५ आणि १६ या अध्यायांतली वचनं होती. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांशी बोलतो ते हे अध्याय. त्यात ‘माझ्या नावाने मागा’ या अर्थाचं बोलणं ६ वेळा येतं. सरांनी अर्थ सांगितला नाही. म्हणाले, ‘आधी बायबल बाजूला ठेवा. घरात, गावात, बाजारात तुम्ही “नावानं” हा शब्द कुठं कुठं वापरता ते सांगा.’

माझ्या मते हा पाऊण तास म्हणजे सगळ्या वर्गाचं सोनं. बदनापूर तालुक्यातले एक भाऊ म्हणाले, ‘आम्ही ऊसतोडीला जातो. कारखाना मला वळखत नाही, मुकादमाला वळखतो. उचल त्याच्या नावानं निघती, तवा आमच्या घरी येती.’ बचत गटाच्या एक ताई म्हणाल्या, ‘मी ब्यांकेतून गटाच्या नावानं पैसे काढते. सही माझी, पण पैसा माझा नाही. गटाच्या कामाला काढले तर व्यवहार, मला साडी घ्यायला काढले तर चोरी.’ कुणी मुखत्यारपत्र सांगितलं. कुणी रेशनच्या दुकानातला अंगठा सांगितला.

माझी पाळी आली तेव्हा मला एकदम आमच्या गल्लीच्या टोकाचं किराणा दुकान आठवलं. माझे बाबा जिनिंगमध्ये हमाली करायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई म्हणायची, जा, अर्धा किलो साखर आण, शेठला म्हणावं बाबाच्या नावानं लिहा. मी जायची, फळीवर हात टेकून सांगायची, ‘बाबाच्या नावानं लिहा.’ शेठ लाल कापडाच्या बांधणीची वही उघडायचे, लिहायचे, साखर बांधून द्यायचे. एकदा मला बरणीतल्या गोळ्यांचा मोह झाला. साखर घेतली आणि म्हटलं, ‘शेठ, चार आण्याच्या गोळ्या पण. बाबाच्या नावानं लिहा.’ शेठनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘बाबानं सांगितलं का?’ मी गप्प. शेठनी बरणीचं झाकण लावलं. मला अजून ते झाकण दिसतं.

सगळे हसले, सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘बाई, पगाराच्या दिवशी काय व्हायचं?’ मी म्हटलं, बाबा जाऊन हिशेब चुकता करायचे. सर म्हणाले, ‘म्हणजे शेठनं साखर दिली ती तुमच्या तोंडाकडं बघून नाही, बाबाची पत बघून दिली. गोळ्या दिल्या नाहीत, कारण बाबाचा निरोप नव्हता. आणि वहीतला आकडा तुम्ही कधीच फेडला नाही, त्यानं पाठीवर पोती वाहून फेडला. आता वरचं पान वाचा.’

आम्ही वाचलं : ‘आतापर्यंत तुम्ही माझ्या नावाने काही मागितले नाही, मागा म्हणजे तुम्हाला मिळेल.’ योहान १६:२४. पन्नास वर्षं वाचलेलं वचन, आणि मला बाबांचे खांदे दिसले.

त्याच दिवशी सरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मराठी माणसालाच जमेल. फळ्यावर चार शब्द लिहिले : नावानं, नावावर, नावाला, नावात. जमीन नावावर असते. ती मालकी झाली. एखादा माणूस नावाला सरपंच असतो; तो देखावा झाला. कुणी कुणाच्या नावानं जातो. तिथं अधिकार आला, पाठवणारा आला, निरोप आला. आणि ‘येशूच्या नावात’ हे आपल्याकडं अलीकडच्या सभांमधून रुळलेलं बोलणं आहे. त्यात पाप नाही, पण कानाला तो मंत्रासारखा लागतो, जणू ताकद त्या अक्षरांच्या आतच भरलेली आहे. मग सरांनी विचारलं, ‘आपण येशूच्या नावानं मागतो, का येशूच्या नावाला मागतो?’ खोलीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी पवित्र शास्त्राचा खरा अभ्यास झाला. तो थोडक्यात सांगते, कारण तो ऐकायला तिथं बसलंच पाहिजे. १ शमुवेल २५ मध्ये पुढं राजा झालेला दावीद दहा तरुणांना नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाकडं पाठवतो. मेंढरांच्या लोकरकातरणीचा सण आहे, आमच्या नावानं त्याला क्षेमकुशल विचारा आणि अन्न मागा, असं सांगतो. तरुण जातात, दाविदाचे शब्द दाविदाच्या नावानं सांगतात आणि थांबतात. पदरचं काही घालत नाहीत. नाबाल म्हणतो, कोण हा दावीद? अपमान तरुणांचा होत नाही, दाविदाचा होतो. कुणाच्या नावानं जाणं म्हणजे हे. येशू स्वतःबद्दल हेच सांगतो : मी आपल्या पित्याच्या नावानं आलो आहे (योहान ५:४३), मी पित्याच्या नावानं कामं करतो (१०:२५). तो काही प्रत्येक कामाच्या शेवटी ‘पित्याच्या नावानं’ असं म्हणत नव्हता. तो पित्याचं मन घेऊन वावरत होता. आणि योहान १४:२६ मध्ये तर पिता पवित्र आत्म्याला ‘माझ्या नावानं’ पाठवील असं वचन आहे. तिथं प्रार्थना नाही, शेवटचं वाक्यही नाही. सरांचं म्हणणं, आपल्या वाक्यातला ‘नावानं’ हा शब्द या सगळ्या ‘नावानं’च्या रांगेत बसवून वाचायचा, एकटा काढून वाचायचा नाही.

मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९, स्किवाचे सात मुलगे. इफिस शहरात हे लोक भुतं काढायला येशूचं नाव वापरायला लागतात. प्रेषित पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावानं, असं म्हणतात. म्हणजे ओळखही उसनी. दुष्ट आत्मा विचारतो, येशू मला ठाऊक आहे, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसाच्या हातून मार खाऊन ते घायाळ, उघडे घराबाहेर पळतात. नाव अगदी बरोबर उच्चारलं होतं. उच्चारात काही कमी नव्हतं. मला शेठचं झाकण परत आठवलं.

तिसऱ्या शनिवारी खळबळ झाली. सरांनी सांगितलं की नव्या करारात लिहून ठेवलेली एकही प्रार्थना ‘हे येशूच्या नावानं मागतो, आमेन’ अशा शब्दांनी संपत नाही. येशूनं शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तशी संपत नाही. विश्वासासाठी जीव देणारा स्तेफन दगडमार होताना थेट ‘प्रभू येशू’ अशी हाक मारतो. कृत्ये ४ मधली मंडळीची प्रार्थना संपताना येशूचं नाव येतं खरं, पण ते चिन्हं आणि अद्भुतं त्याच्या नावानं घडावीत अशा मागणीत येतं. आम्ही सगळ्यांनी पानं उलटून बघितली. अंबडकडच्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढं, एकदम उभ्या राहिल्या. ‘सर, काहून असं बोलायलेत? मग माझ्या आयुष्यभराच्या प्रार्थना वाया गेल्या म्हणायच्या का?’ त्यांच्या आवाजात राग होता आणि भीतीही होती. सर खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, ‘नाही, माय. वाक्य सोडू नका, वाक्य चांगलं आहे. मीपण म्हणतो. फक्त तो पोस्टाचा शिक्का समजू नका, की मारला तर पत्र पोचलं आणि विसरला तर परत आलं.’

त्यांनी घरचा अभ्यासही दिला. आठवडाभर ते वाक्य शेवटी न म्हणता सुरुवातीला म्हणायचं. ‘पित्या, येशूच्या नावानं तुझ्याकडं आले आहे’ असं म्हणून थांबायचं आणि मग मागायला सुरुवात करायची. एवढंच.

हा अभ्यास मी इथं मुद्दाम सांगते आहे, कारण वर्गाला येणं ज्यांना जमणार नाही त्यांनीही करून बघावा. माझं काय झालं ते सांगते. आमच्या जावेशी सामाईक भिंतीवरून वाद चालू आहे. मी रोज त्याबद्दल प्रार्थना करायची, की प्रभू, तिचा खोटेपणा उघडा पडू दे. शेवटी येशूचं नाव. पहिल्या रात्री सुरुवातीलाच म्हटलं, ‘येशूच्या नावानं आले आहे,’ आणि पुढं जावेचं तोंडातून निघेना. हे मागायला त्यानं मला पाठवलं आहे का? गप्प बसून राहिले. तिसऱ्या रात्री एवढंच निघालं, की आमच्या दोन्ही घरांत शांती राहू दे. चौथ्या रात्री तिच्या मुलाच्या नोकरीसाठी मागितलं. वाद मिटलेला नाही, भिंत आहे तिथंच आहे. पण माझं मागणं बदललं, आणि मी बळं बदललं नाही.

चौथा शनिवार माझा होता.

विषय होता न मिळालेलं मागणं. योहान १४:१४ सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : ‘तुम्ही माझ्या नावाने माझ्याजवळ काही मागाल तर मी ते करीन.’ त्यांनी आधी हे सांगितलं की काही जुन्या हस्तलिखितांत ‘माझ्याजवळ’ हा शब्द आहे, काहींत नाही. म्हणून पित्याकडं मागायचं की येशूकडं, यावरून भांडायला नको, पवित्र शास्त्रात दोन्ही आहे. पण मला ते ऐकू येत नव्हतं. ‘काही मागाल’ याच शब्दांवर माझे डोळे खिळले होते. मी हात वर केला आणि मैदानावरची सगळी हकीकत सांगितली. मालकांचं, त्या बाईंच्या प्रश्नाचं, दोन वर्षांचं. याआधी मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी लूक २२ काढायला सांगितलं आणि मलाच वाचायला लावलं. गेथशेमाने, येशूला धरलं त्या रात्रीची जागा. येशू गुडघे टेकून मागतो, हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. वाचून झालं. सर म्हणाले, ‘ज्याच्या नावानं तुम्ही मागितलं, त्यानं स्वतः मागितलं आणि प्याला टळला नाही. आता मला सांगा, त्या रात्री येशूचा विश्वास कमी पडला होता का? त्याच्या मनात शंका होती म्हणून नाव चाललं नाही का?’

मी काही बोलू शकले नाही. बचत गटाच्या ताईंनी माझा हात धरला होता.

सर पुढं पौलाबद्दल बोलले. २ करिंथकर १२ मध्ये पौल शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती करतो. काटा निघत नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर येतं. १ योहान ५:१४ बद्दलही बोलले, की ‘त्याच्या इच्छेप्रमाणे’ काही मागितलं तर तो ऐकतो, आणि ‘येशूच्या नावानं’ या शब्दांच्या पोटातच ही अट आहे. ती पळवाट म्हणून मागाहून जोडलेली नाही. आणि इब्री ७:२५, तो आमच्यासाठी मध्यस्थी करायला सदोदित जिवंत आहे. सर म्हणाले, ‘बाई, आपण मागतो ते त्याच्या नावानं. आणि तो आपलं नाव घेऊन मागतो, तेही चालूच असतं.’

मालकांच्या शेवटच्या रात्री मला प्रार्थना करता आली नव्हती. शब्दच नव्हते. मी नुसतं ‘येशू, येशू’ म्हणत बसले होते. शेवटचं वाक्य नाही, मागणं नाही, आमेन नाही. दोन वर्षं मी ती रात्र माझ्या चुकांच्या हिशेबात धरली होती. त्या शनिवारी घरी आले आणि ती हिशेबातून काढली. दुःख आहे तेवढंच आहे. आरोप गेला. ६ आठवड्यांच्या २०० रुपयांत मला हे मिळालं, आणि कुणी उद्या २,००० मागितले तरी मी दुसऱ्याला जा म्हणून सांगेन.

पाचव्या शनिवारी थोडा इतिहास झाला. आपल्या भागाशी जोडलेला असल्यामुळं तो मला आवडला. नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण तरुण, पुढं निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. बेथेल या इब्री शब्दाचा अर्थ देवाचं घर. सर म्हणाले, हे लोक येशूच्या नावानं इथं आले म्हणजे विहिरी, शाळा आणि औषधं घेऊन आले. ‘नावानं’चा अर्थ त्यांनी हातानं सांगितला. याच दिवशी वर्गातल्या एका भाऊंनी वारकरी नामस्मरणाचा विषय काढला. त्यांचे आजोबा माळकरी होते. आपला मराठवाडा नामाचा प्रदेश आहे. नामदेवांची नरसी इथली, जनाबाईंचं गंगाखेड इथलं, एकनाथांचं पैठण इथलं. नाम घेत राहणं म्हणजे काय, हे इथं लेकराला सांगावं लागत नाही. सरांनी त्या परंपरेबद्दल एकही हलका शब्द काढला नाही. म्हणाले, ‘नामात बुडणं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्या वाक्यात मात्र नाम हे जपायचं कमी आणि पाठीशी घेऊन जायचं जास्त. दोन्हीला एक म्हणू नका, आणि एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करू नका.’ एवढं बोलून पुढं गेले. मला वाटतं, यावर एक पूर्ण शनिवार हवा होता.

सहाव्या दिवशी कलस्सैकर ३:१७, बोलणं असो की करणं, सगळं प्रभू येशूच्या नावानं करा. इथं तर प्रार्थनेचा विषयच नाही, नुसतं रोजचं काम आहे. ३१ वर्षं मी ड्रेसिंग केली, बेडपॅन उचलले. त्यातलं किती त्याच्या नावानं केलं आणि किती नुसतं ड्यूटी संपवायला, हा विचार घरी येईपर्यंत चालू होता.

आता उणिवा. त्या सांगितल्या नाहीत तर हा अभिप्राय अर्धा राहील, आणि सरांनी स्वतःच शेवटच्या दिवशी सांगितलं की जे खटकलं ते बोला.

जागा चांगली नाही. जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे, आणि येणाऱ्यांत गुडघेदुखीवाल्या बायका जास्त. आमचा वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये होता, तरी शेवटचे दोन शनिवार पत्रा तापून डोकं दुखायला लागलं. दोन पंखे होते, त्यातला एक चालत होता. वर्ग एकदाही ४ वाजता सुरू झाला नाही, साडेचार ठरलेले. बाहेरगावच्या लोकांची शेवटची गाडी असते, त्यांना प्रार्थना अर्धी टाकून उठावं लागायचं.

पानांचा झेरॉक्स फिका आणि अक्षर बारीक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंबडच्या त्या आजींना वाचताच येत नाही. ६ शनिवार त्या पान हातात धरून बसल्या. सर वचनाचा क्रमांक सांगायचे आणि आम्ही मनात वाचायचो, त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात वाचायला लागले. वर्गात प्रत्येक वचन मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे. आपल्या मंडळ्यांत न वाचणारी माणसं अजून आहेत, आणि प्रार्थना करणाऱ्यांत तीच पुढं असतात.

पुरुष मंडळी फार बोलतात. बायकांना सरांनी मुद्दाम विचारलं तरच बोलायला मिळतं. तरुण पोरं चौघं आली होती, तिसऱ्या शनिवारनंतर एकच राहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, गाणं नाही, काही नाही, नुसतं बसायचं.’ त्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. सुरुवातीला एक गीत व्हायला काय हरकत होती?

आणि एक मतभेद, तो महत्त्वाचा आहे. मैदानावरच्या सभांमध्ये आजाराला ‘आज्ञा’ करतात, त्याबद्दल सर फार कडक बोलले. मला तर ते पटायलाच हवं होतं, माझ्याएवढं कुणाला पटणार? पण कृत्ये ३ मध्ये सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेल्या पांगळ्याला येशूचा शिष्य पेत्र काय म्हणतो? सोनं-रुपं माझ्याजवळ नाही, नासोरी येशू ख्रिस्ताच्या नावानं चालू लाग. ही विनंती नाही, आज्ञा आहे. आणि तो माणूस उठतो. मी हे विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘पेत्राला पाठवलं होतं,’ आणि दहा मिनिटांत विषय आटोपला. पाठवलं होतं, खरं आहे. पण पाठवलं आहे हे पेत्राला कसं कळलं? त्या स्वयंसेवक बाईंनाही वाटत असेल की आपल्याला पाठवलं आहे. मला त्यांच्यावर राग धरून बसायचं नाही. त्यांचं कुठं चुकलं ते मला समजून घ्यायचं आहे, म्हणजे रोग्याच्या उशाशी बसलेल्या दुसऱ्या कुणा बाईला मी तेच दुखणं देणार नाही. वर्गानं इथं मला उपाशी ठेवलं.

कुणी जावं? ज्यांनी प्रार्थना करून करून हात टेकले आहेत त्यांनी आधी जावं. घरात आजारी माणूस आहे त्यांनी जावं. नवीन विश्वासात आलेल्यांनी जावं, पण सोबत जुनं कुणीतरी असावं, नाहीतर तिसऱ्या शनिवारी घाबरायला होईल. दर आठवड्याला चमत्काराच्या साक्षी ऐकायच्या असतील तर इथं मिळणार नाहीत. जाताना पाण्याची बाटली, चष्मा आणि स्वतःचं मोठ्या अक्षराचं बायबल न्या, झेरॉक्सवर विसंबू नका. पुढच्या रांगेत बसा. सरांचा आवाज आता बारीक झाला आहे.

पुढचा वर्ग पेरण्या उरकल्यावर, जुलैत भरणार असं म्हणतात. अंबडच्या आजींनी मला विचारलं, ‘येतीस का गं परत? माझं वाचायला?’ मी हो म्हटलं आहे. त्यांच्यासाठी वाचायला जाणार, आणि कृत्ये ३ वर खूण घालून ठेवली आहे.